दिवेलागणीनंतरचा अभ्यास : प्रस्तावना

पुण्याच्या विद्याव्यासंगाचा वृत्तांत सांगू लागले म्हणजे संस्थांची नावे ओघानेच येतात. १८८० च्या जानेवारीत सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ चे नूतन मराठी विद्यालय, १८८४ ची हुजूरपागेतील मुलींची शाळा, त्यानंतर वर्षभराने उभे राहिलेले फर्ग्युसन कॉलेज, या सर्वांचे अहवाल छापलेले आहेत आणि त्यांच्या संस्थापकांची तैलचित्रे भिंतींवर लागलेली आहेत. परंतु ज्या मुलांनी या शाळांचे उंबरठे ओलांडले त्यांपैकी पुष्कळांच्या बुद्धीची मशागत त्याआधी, आणि त्याच्या बरोबरीनेही, घरच्या ओटीवर किंवा माजघरात समईच्या उजेडात झालेली होती. तिचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही, आणि त्यामुळेच की काय, आज घरचा अभ्यास म्हटले की शाळेत पुरा न झालेला, वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी तपासून घ्यावयाचा मजकूर, एवढेच चित्र पालकांच्या मनात उभे राहते. प्रस्तुत पुस्तक सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, सिद्ध केले आहे. त्याच्या आरंभी मला सांगावयाचे आहे ते असे की, घरच्या अभ्यासाची सुरुवात कवितेने व्हावी, ती मोठ्याने म्हटली जावी, आणि ती ऐकणारे कोणी तरी घरात असावे. गणित, व्याकरण, इतिहास, भूगोल हे विषय त्या बैठकीत मागाहून येतात आणि आले की टिकतात.

हा विचार नवा नाही. परवचा नावाचा जो शिरस्ता महाराष्ट्रातील अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालू होता, त्याच्या रचनेतच तो आहे. संध्याकाळी हातपाय धुऊन मुले देवापुढे बसत. प्रथम स्तोत्रे आणि श्लोक होत, मग पाढे, आणि पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे. शेवटी तिथी, नक्षत्रे, महिने, संवत्सरांची नावे. श्लोकाची चाल संपून पाढ्याची चाल केव्हा सुरू झाली हे बाहेरून ऐकणाऱ्याला क्षणभर कळतही नसे, इतकी ती एकाच स्वरात, एकाच श्वासात चालत. रुपयाचे सोळा आणे होते, मापे शेर-पायलीची होती, आणि बाजारात साडेतीन शेरांचा भाव काढावयाचा तर औटकी तोंडी असल्यावाचून गत्यंतर नव्हते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली, आणि या पाढ्यांची व्यवहारातील गरज सरली. ती सरली याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. पण तीन-चतुर्थांश म्हणजे किती हे कागदावर शून्य पूर्णांक पंचाहत्तर असे बिनचूक लिहिणारी सातवीतील मुलगी चोविसाचे तीन-चतुर्थांश तोंडी विचारताच गोंधळते, तेव्हा पाऊणकीबरोबर अंकांना कानाने ओळखण्याची एक रीतही गेली, हे कबूल करावे लागते.

परवच्याचे हे वर्णन करताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. हा शिरस्ता ठराविक जातींच्या, आणि त्यांतही बहुतेक मुलग्यांच्या, वाट्याला आलेला होता. ज्या घरांत अक्षरच नव्हते तेथे पाठांतराला ग्रंथ कोठून येणार? म्हणून पुण्यातील गृहाध्ययनाचे सर्वांत धीराचे उदाहरण सदाशिव किंवा शनिवार पेठेच्या वाड्यांत न शोधता जोतीराव फुल्यांच्या घरात शोधावे. त्यांनी सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकविले. त्या शिक्षणाच्या पायावर पुढे त्यांची शिक्षिकेची तालीम झाली आणि १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. याच सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि योगायोगाची गोष्ट अशी की, शाळांतून पिढ्यानुपिढ्या वाचले गेलेले परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’, म्हणजे जुन्या मराठी कवितेच्या वेच्यांचे पहिले मोठे संकलन, तेही त्याच साली निघाले. एकीकडे मुकुंदराज-ज्ञानेश्वरांपासूनचा संचित ठेवा विद्यार्थ्यांच्या हाती यावा म्हणून निवडला जात होता, आणि दुसरीकडे घरात अक्षरे शिकलेली एक स्त्री स्वतःच कविता लिहीत होती. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती, म्हणजे आजच्या हिशेबाने आठवीत. या वयाच्या मुलांना निबंधाचे मुद्दे पुरविल्यावाचून लिहिता येत नाही, असे जे आपण गृहीत धरून चाललो आहोत, त्याला या एका निबंधाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले आहे.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या घरातले. १८७३ च्या अखेरीस रमाबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यास आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. दिवसभर कचेरीचे काम करून आलेल्या माधवरावांनी त्यांना पाटीवर धुळाक्षरांपासून शिकवावयास घेतले, पुढे शिक्षिका ठेविली, मराठीनंतर इंग्रजी सुरू केले. आणि हे सर्व घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष आणि रोजची टोचणी सोसून चालले, याची हकीकत रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात स्वतः लिहून ठेवली आहे. त्या पुस्तकातून मला शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने जे मोलाचे वाटते ते असे की, माधवराव शिकविण्याचे काम शिक्षिकेवर सोपवून मोकळे झाले नाहीत. आज काय वाचले, ते वाचून दाखव, त्याचा अर्थ सांग, ही चौकशी त्यांनी सोडली नाही. तुकोबांच्या अभंगांत रमणारा हा माणूस घरात ते म्हणत असे, आणि घरातील शिकणारी व्यक्ती ते ऐकत असे. सेवासदनाचे काम पुण्यात १९०९ पासून ज्या रमाबाईंनी उभे केले, ज्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालविले, त्यांची स्वतःची शाळा म्हणजे रानड्यांचे घरच होते.

तिसरे उदाहरण सर्वपरिचित असल्यामुळे थोडक्यात सांगतो. गंगाधरपंत टिळक हे शिक्षणखात्यातील गृहस्थ. त्रिकोणमितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले होते. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्यास झाली तेव्हा त्यांचा मुलगा बाळ, म्हणजे पुढचे लोकमान्य, दहा वर्षांचा होता, आणि त्याच्या संस्कृताची व गणिताची तयारी वडिलांनी घरीच इतकी करून घेतलेली होती की, शाळेतील उदाहरणे तो तोंडी सोडवी. बाणभट्टाची ‘कादंबरी’ वाचावयास मागितली असता वडिलांनी आधी एक बिकट गणित घातले, अशी गोष्ट चरित्रकार सांगतात. काव्य हवे तर गणित सोडव, या अटीत काव्य हे बक्षीस आहे, शिक्षा नाही, याकडे आजच्या पालकांचे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कारण आपल्या घरांत गणिताची शिकवणी ठरलेली असते, आणि कविता परीक्षेच्या आदल्या रात्री अर्थासकट उरकली जाते.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. कविता मोठ्याने म्हटल्याने इतर विषय कसे साधतात, हे विधान नुसते विधान म्हणून सोडणे बरे नव्हे. समर्थांचे मनाचे श्लोक घ्या. बाराव्या वर्षाच्या मुलाला चार-सहा तरी ऐकून ठाऊक असतात. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. ते मुलाला टाळी वाजवीत म्हणावयास लावावे, आणि आखूड अक्षराला एक व लांब अक्षराला दोन अशा मात्रा मोजावयास सांगाव्या. आखूड, लांब, लांब. आखूड, लांब, लांब. असे चार वेळा झाले की चरण संपतो, हे त्याचे त्यालाच सापडते. एका गटात पाच मात्रा, म्हणून चरणात वीस. एका गटात तीन अक्षरे, म्हणून चरणात बारा. श्लोक दोनशे पाच आहेत, म्हणजे चरण ८२०, आणि अक्षरे किती, हे त्याने कागद न घेता काढावे. ९,८४० हे उत्तर आले की ते खरे आहे याची खात्री करण्यासाठी काही मुले पुस्तक उघडून एक-दोन श्लोकांची अक्षरे मोजू लागतात, हे मी पाहिलेले आहे. आणि हे मोजणे हेच ऱ्हस्वदीर्घाचे, जोडाक्षराचे, अनुस्वाराचे व्याकरण. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू का होते, हा नियम शुद्धलेखनाच्या पुस्तकात दहा वेळा वाचून ध्यानात राहत नाही, पण एकदा चाल अडखळली आणि त्याचे कारण कळले की तो पुन्हा विसरत नाही.

याच्या पुढची पायरी अधिक रमणीय आहे. ‘यमाताराजभानसलगं’ हे गणांचे सूत्र जुन्या विद्यार्थ्यांना पाठ असे. त्यात दहा अक्षरे आहेत. कोणत्याही अक्षरापासून लागोपाठ तीन अक्षरे घ्या. पहिले जे अक्षर, त्या नावाचा गण तयार होतो. य-मा-ता म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य गण. मा-ता-रा म्हणजे तिन्ही गुरू, हा म गण. असे करीत स-ल-गं पर्यंत गेले की आठही गण एकेकदा, आणि एकेकदाच, येऊन जातात. तीन जागा, प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणून एकूण आठ. त्यांत सर्व गुरू असा एक, दोन गुरू असे तीन, एक गुरू असे तीन, सर्व लघू असा एक. एक, तीन, तीन, एक ही ओळ पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार म्हणून मांडलेल्या त्रिकोणातील आहे. हाच त्रिकोण युरोपात पुढे पास्कलच्या नावाने ओळखला गेला. आणि मात्रांचा हिशेब केला तर आणखी एक चमत्कार हाती येतो. चार मात्रांची जागा लघुगुरूंनी किती प्रकारे भरता येईल? दोन गुरू, एक गुरू दोन लघू, तो गुरू आरंभी, मध्ये किंवा शेवटी, आणि चार लघू: एकूण पाच. पाच मात्रांसाठी आठ प्रकार, सहांसाठी तेरा. १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने वृत्तांच्या अभ्यासातून दिली, आणि इटलीतील फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ चा. सातवीच्या मुलाला हे सर्व सिद्धतेसह कळेल असे मी म्हणत नाही. परंतु त्याने चार मात्रांचे पाच प्रकार टाळीवर वाजवून दाखविले, की गणित आणि कविता ही दोन शत्रुराज्ये आहेत, हा शाळेच्या वेळापत्रकाने दिलेला समज त्याच्या मनातून जातो.

या विषयातला मोठा अधिकार पुण्याकडे आहे. परशुरामपंत तात्यांनीच ‘वृत्तदर्पण’ लिहून वृत्तांची माहिती शाळकरी मुलांच्या आवाक्यात आणली. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यावर १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. १९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता सभेत गाऊन दाखविण्याची प्रथा रूढ केली. कविता डोळ्यांनी वाचून संपविण्याची वस्तू नव्हे, हे त्या काळच्या श्रोत्याला सांगावे लागत नव्हते.

येथे एक रास्त शंका कोणी घेईल. ज्या घरात आई पहाटे चार घरची धुणीभांडी करावयास जाते, बाप रिक्षा चालवितो, आणि पर्वतीच्या उतारावरील एका खोलीत पाच माणसे राहतात, तेथे हे काव्यशास्त्र कोणी शिकवावयाचे? शंका मोलाची आहे, आणि या पुस्तकाची आखणी करताना ती सतत नजरेसमोर होती. तिचे उत्तर असे की, ऐकावयास अक्षरओळख लागत नाही. मुलीने कविता म्हणावी आणि आईने भाकऱ्या थापता थापता ती ऐकावी. कोठे अडखळली, कालची ओळ आज गाळली का, हे निरक्षर आईच्याही कानाला बरोबर कळते. इतकेच नव्हे, तर अशा घरात वाड्यातल्या घरांहून जास्त कविता असण्याचा संभव आहे. पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या वतीने हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून मुळशी तालुक्यापासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखावर आहे. त्या रचणाऱ्या बायकांपैकी बहुसंख्य कधी शाळेत गेल्या नव्हत्या. वेल्हे, मुळशी, मावळ या तालुक्यांतून आलेली जी कुटुंबे आज शहराच्या वस्त्यांतून राहतात, त्यांच्यातील आज्या-पणज्या या संग्रहातील ओव्या रचणाऱ्यांच्या सख्ख्या बहिणी आहेत. शाळेच्या पुस्तकातील कवितेपुढे खाली मान घालून बसणाऱ्या मुलाला जेव्हा कळते की आपल्या आजीला चाळीस ओव्या येतात आणि त्यांनाही नियम आहेत, तेव्हा त्याचा आवाज मोठा होतो.

इतर विषयांबद्दल फार लिहीत नाही, कारण पुढील प्रकरणांत तपशील आहे. भूगोलासाठी पाऊस घेतला आहे. शिवाजीनगरला जे वेधशाळेचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून आले, आणि ज्याला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, तेथे शहराचा पाऊस मोजला जातो. तो वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. सपाट बुडाची, सरळ कडांची बरणी गच्चीवर ठेवून पट्टीने मोजलेला पाऊस रोज वहीत तारीखवार लिहावा, आणि वर्तमानपत्रातील आकड्याशी ताडून पाहावा. इतिहासासाठी घरातील माणसांची साक्ष घेतली आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा आपले घर कोठे होते, पाणी कोठवर आले, हे सांगणारी माणसे अजून पेठापेठांतून आहेत. पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले, त्यांत राजकारणाबरोबर जमाखर्चाचेही कागद आहेत. घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब मुलाकडे सोपविला की जमाखर्च हा इतिहासाचा कागद कसा होतो हे त्याला समजावून सांगणे कठीण जात नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली आणि दीड-दोन वर्षे राज्यातील प्रत्येक घराला, तयारी असो वा नसो, शाळा व्हावे लागले. सरकारी यंत्रणेने अभ्यासमाला पाठविल्या, शिक्षकांनी मोबाईलवर वर्ग घेतले, आणि ज्या घरी एकच मोबाईल होता तेथे मुलांनी पाळीपाळीने ते पाहिले. त्या काळातील अनुभवावरून घरचा अभ्यास निष्फळ ठरला असा निष्कर्ष काढणारे मला भेटतात. मला तो मान्य नाही. त्या वेळी घरी आणली गेली ती शाळेची हजेरी, शाळेचे तास, शाळेची प्रश्नपत्रिका. मुलाजवळ बसून ऐकणारे माणूस बहुतेक ठिकाणी या तजविजीत नव्हतेच. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी काही कुटुंबे पुण्यात आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आणि दहावीसाठी सतरा नंबरचा अर्ज, हे मार्ग त्यांना ठाऊक असतात. हे पुस्तक त्यांनाही उपयोगी पडेल, परंतु ते लिहिले आहे शाळेत जाणाऱ्या आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या मुलांसाठी.

पुस्तक कसे वापरावे याविषयी दोन शब्द. अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात जी झुंबड उडते, तीत पाठ्यपुस्तकापाठोपाठ गाईड घेतले जाते, आणि कवितेचा भावार्थ कविता वाचण्यापूर्वीच पाठ होतो. येथे भावार्थ दिलेले नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी कोणती कविता घ्यावी ते शाळेच्या पुस्तकातून, ‘किशोर’ मासिकाच्या अंकांतून किंवा संतकाव्यातून निवडण्याचे काम मुलावर सोपविले आहे. एक आठवडा ती नुसती म्हणावी. अर्थाचा प्रश्न मुलाने विचारल्यावाचून मोठ्या माणसांनी काढू नये. हे अनेकांना घोकंपट्टीचे समर्थन वाटेल. परंतु घोकंपट्टीत मूल एकटे असते आणि डोळ्यांपुढे परीक्षा असते. येथे समोर ऐकणारे माणूस आहे, आणि एक-दोन दिवसांत ‘हे असे का म्हटले आहे’ हा प्रश्न येतोच. तो आला की दोघांनी मिळून उत्तर शोधावे. ऐकणाऱ्याला उत्तर येत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे आणि रविवारी मुलासह ग्रंथालय गाठावे. १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर लक्ष्मी रस्त्यावर आहे. रोजची बैठक पाऊण तासाहून लांबवू नये, आणि ती जेवणाआधी व्हावी.

अखेरची काही पाने कोरी ठेवली आहेत. त्यांवर मुलांनी घरातील किंवा शेजारच्या वयस्क स्त्रियांकडून ऐकलेल्या ओव्या उतरवून घ्याव्यात, आणि प्रत्येकीखाली सांगणारीचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि तारीख लिहावी. ओवी ज्या बोलीत सांगितली त्याच बोलीत लिहावी. ‘व्हतं’चे ‘होते’ करू नये, कारण तीनच्या चार मात्रा होतात आणि जात्यावरची चाल तेथे अडते.